बंदी आहे... पण!

आमच्या लेडीज होस्टेलच्या नोटीस बोर्डावर पहिलीच सूचना आहे: खोलीत हीटर, इस्त्री आणि पाणी तापवायचा रॉड वापरायला सक्त मनाई. त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ आहे. "वैद्यकीय कारण असल्यास रेक्टरांची लेखी परवानगी घ्यावी." आता मला सांगा, डिसेंबरच्या थंडीत आमच्या एकट्या दुसऱ्या मजल्यावर सतरा मुलींना एकदम वैद्यकीय कारण कसं काय होतं? सायनस काय, सर्दी काय, एकीला तर चक्क 'थंड पाण्याची अॅलर्जी'! रेक्टर मॅडम सही करतात. मॅडमनाही माहीत असतं, आम्हालाही माहीत असतं. नियम जागच्या जागी राहतो, रॉडही जागच्या जागी राहतो.

हा विषय मला सुचला तो १७ सप्टेंबरला. झेंडावंदन झाल्यावर मेसमध्ये पोहे खाताना टीव्हीवर बातमी चालू होती, कुठल्यातरी देशावरची शस्त्रबंदी आणखी एक वर्ष वाढवली म्हणून. माझी रूममेट सोलापूरची आहे आणि तिला प्रश्न फार पडतात. ती म्हणाली, "अगं, बंदी आहे तर ते लोक एकमेकांना मारतायत कशानं? लाटण्यानं?" टेबलावर सगळ्या हसल्या, पण उत्तर कोणालाच येईना. मला तर नाहीच. मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये. मराठीतले आकडे अजून बोटं मोडून मोजते (एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाइन, हे मला अकरावीत पक्कं कळलं!). हैदराबादचं विलीनीकरण आमच्या पुस्तकात अर्ध्या पानात उरकलं होतं.

संध्याकाळी साखऱ्याला फोन केला. सेनगाव तालुक्यातलं, हिंगोली जिल्ह्यातलं साखरा हे माझं गाव. आजी तिथेच असते. दर मुक्तिसंग्राम दिनाला ती तेच सांगते आणि मी दर वर्षी "हो हो" करत ऐकते. या वेळी पहिल्यांदा नीट ऐकलं, आणि लक्षात आलं की रूममेटच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरातच होतं. कारण आमचं गाव एकेकाळी शस्त्रबंदीच्या आत होतं. तेही बंदीच्या अगदी कडेला.

सांगते.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आलं नाही. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका. स्वतंत्र हिंगोली जिल्हा झाला तो फार नंतर, १ मे १९९९ ला. म्हणजे आमचं साखरा निजामाच्या राज्यात, आणि आमच्या तालुक्याला लागून असलेलं रिसोड-वाशिम मात्र वऱ्हाडात, म्हणजे स्वतंत्र भारतात. आज रिसोडला जाताना मध्ये काही लागत नाही. तेव्हा दोन राज्यांची सरहद्द लागायची. हिंगोलीहून वाशिमला जाताना 'कनेरगाव नाका' नावाचं गाव लागतं, ते आपल्यापैकी अनेकांनी एस.टी.च्या खिडकीतून पाहिलं असेल. नावातच नाका आहे! निजामाच्या राज्यात जकात घेणाऱ्या खात्याला करोडगिरी म्हणायचे. माल आला की करोडगिरीचा शिपाई पोतं उघडणार, हे ठरलेलं.

२९ नोव्हेंबर १९४७ ला भारत आणि निजाम यांच्यात एका वर्षासाठी 'जैसे थे' करार झाला. गंमत अशी, की ब्रिटिशांच्या काळात संस्थानांच्या फौजांना हत्यारं आणि दारूगोळा ब्रिटिश सरकारच पुरवायचं. त्यासाठी १९३९ ची एक योजना होती. 'जैसे थे' म्हणजे हेही जैसे थेच. करारासोबत पत्रव्यवहार झाला त्यात भारताने या योजनेप्रमाणे हत्यारं द्यायची असंही होतं. भारताने ती दिली नाहीत. देणार तरी कसं? निजामाने वीस कोटी रुपयांचे रोखे पाकिस्तानला कर्जाऊ दिले होते. गावोगाव कासीम रझवीचे रझाकार उभे राहत होते. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या हातात तलवारी, भाले आणि ठासणीच्या बंदुका होत्या. नव्या बंदुका दिल्या असत्या तर त्या कोणाच्या छातीवर आल्या असत्या हे सांगायला नको.

तर ही झाली शस्त्रबंदी. संयुक्त राष्ट्रसंघाची नव्हे, एका मोठ्या शेजाऱ्याने चहूबाजूंनी वेढलेल्या छोट्या शेजाऱ्यावर घातलेली. हैदराबादला समुद्र नाही. रेल्वे आणि रस्ते सगळे भारतातूनच जाणार. कागदावर याहून पक्की बंदी कुठे सापडेल? थिअरी पेपरला विचारलं असतं तर मी 'हंड्रेड पर्सेंट इफिशिएंट' असं लिहून मोकळी झाले असते.

पण वरून काय? वरून आकाश होतं! सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक होता. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर विमानातून चोरून फोटो काढायचं तंत्र उभं करण्यात याचा मोठा हात. या माणसाने १९४८ च्या उन्हाळा-पावसाळ्यात कराचीहून लँकेस्ट्रियन विमानांतून हत्यारं आणली आणि बिदर, वरंगळच्या धावपट्ट्यांवर उतरवली. लँकेस्ट्रियन म्हणजे लँकेस्टर हे बॉम्बर विमानच, फक्त माल आणि प्रवासी नेण्यासाठी बदललेलं. रात्रीच्या अंधारात भारतावरून उडून जायचं आणि परत यायचं. त्या काळच्या आपल्या हवाई दलाला रात्रीचं असं विमान हुडकून अडवणं सोपं नव्हतं. कॉटनवर नंतर ब्रिटनमध्ये खटला होऊन दंड झाला, पण विमानं तर येऊन गेली होती.

दुसरीकडे आपल्या बाजूनेही बंदीला एक दार होतंच. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसची शिबिरं सरहद्दीपलीकडे भारताच्या हद्दीत होती. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना उमरखेडच्या शिबिराचं नाव ऐकलं तरी अजून स्फुरण चढतं. उमरीच्या बँकेवरचा धाडसी हल्ला, तोही ३० जानेवारी १९४८ ला, याच शिबिराच्या मंडळींचा. भारताच्या हद्दीतून हत्यारबंद लोक आत येतात अशी हैदराबाद सरकारची तक्रार होती. स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणी वाचल्या तर त्याही तेच सांगतात, फक्त अभिमानाने! म्हणजे बंदी एका बाजूला आणि डोळेझाक दुसऱ्या बाजूला. मी इथे कोण बरोबर होतं याचा निकाल देत नाही. माझं घर कोणत्या बाजूला होतं ते तुम्हाला कळलंच असेल. मला फक्त बंदीचं मशीन कसं चालतं ते बघायचंय.

आणि त्यात सगळ्यात महत्त्वाचा पार्ट असतो 'अपवाद'. हैदराबादची तक्रार अशी की हत्यारांच्या नावाखाली औषधं, यंत्रांचे सुटे भाग, रोजच्या गरजेच्या वस्तू सगळंच अडवलं जातंय, ही आर्थिक नाकेबंदी आहे. दिल्लीचं उत्तर असं की आर्थिक नाकेबंदी वगैरे काही नाही, औषधांवर तर बंदी नाहीच नाही. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतील. दिल्लीत बंदी नव्हती. नाक्यावर होती.

आता आजीचं. ती तेव्हा सहा वर्षांची. त्या पावसाळ्यात घरातल्या बायका-पोरांना रिसोडकडे नातेवाइकांकडे पाठवायचं ठरत होतं, पण तिचा धाकटा भाऊ हिवतापाने फणफणला म्हणून निघणं लांबलं. तिच्या काकांनी वाशिमहून कोयनेलच्या गोळ्या आणल्या. गोळ्या सुटसुटीत हातात घेऊन येण्याची सोय नव्हती, झडती व्हायची. म्हणून ज्वारीच्या पोत्यात खाली दडवल्या. नाक्यावर पोतं उलटं केलं. ज्वारी चिखलात, गोळ्या शिपायाच्या हातात. 'हत्याराच्या दारूचं सामान असेल' असं काहीतरी तो म्हणाला म्हणे. काका ज्वारी भरून घरी आले, गोळ्यांशिवाय. धाकटा भाऊ त्या पावसाळ्यात गेला. आजी कोणावर आरोप करत नाही. कोयनेल मिळूनही तो जगला असताच असं नाही, हे तिलाही कळतं. मी विचारलं, "आजी, पण नाका कोणाचा होता? निजामाचा की आपला?" ती म्हणाली, "नाका म्हंजे नाका, माय. कोणाचा व्हता ते आम्हाला काय माहीत?"

असो. जगाकडे येऊ.

१९४८ सालीच, २९ मेला, सुरक्षा परिषदेने पॅलेस्टाईनच्या लढाईत युद्धविराम करायला सांगताना सगळ्या देशांना आवाहन केलं, की या भागात युद्धसामग्री पाठवू नका. म्हणजे कॉटनची विमानं बिदरला उतरत होती त्याच सुमाराला. तिथेही तेच झालं. झेकोस्लोव्हाकियातून इस्राएलकडे रायफली आणि सुटी केलेली लढाऊ विमानंसुद्धा विमानात घालून गेली. खुद्द हैदराबादचं प्रकरणही सुरक्षा परिषदेपुढे गेलं होतं बरं का! २१ ऑगस्टला तक्रार, १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये पहिली सुनावणी. तोपर्यंत आपलं सैन्य १३ तारखेलाच आत शिरलं होतं, आणि १७ ला निजामाने युद्ध थांबवलं. पुढे २२ ला त्याने तक्रारही मागे घेतल्याचं कळवलं. परिषदेची कूस बदलेपर्यंत इकडे राज्य संपलं होतं.

(पोलीस अॅक्शनचं सांगताना एक गोष्ट आपण गाळतो. सैन्य आल्यावर रझाकारांशी काहीही संबंध नसलेली हजारो मुसलमान माणसं मराठवाड्यात आणि शेजारच्या जिल्ह्यांत मारली गेली. सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा होता. हा अहवाल लोकांना बघायला मिळाला तो २०१३ मध्ये. हत्यार कोणाकडून काढून घेतलं आणि कोणाकडे राहू दिलं, हा प्रश्न बंदी उठल्यावरही संपत नाही. हेही साखऱ्याच्या परिसरातलंच आहे म्हणून लिहिलं.)

आज संयुक्त राष्ट्रसंघाची शस्त्रबंदी येते ती सनदेच्या ४१ व्या कलमातून. सैन्य न वापरता दबाव आणायचे जे उपाय आहेत ते या कलमात आहेत. ठराव झाला की सगळ्या सदस्य देशांना तो पाळावा लागतो. पण सुरक्षा परिषदेकडे स्वतःचा एकही नाका नाही! प्रत्येक देशाने आपापल्या कायद्याने, आपापल्या कस्टमच्या माणसांकरवी ती बंदी राबवायची. आपल्याकडे त्यासाठी थेट १९४७ चा कायदा आहे, एवढाच की सरकार अधिसूचना काढून असे ठराव लागू करू शकेल. ठरावानंतर एक निर्बंध समिती बसते. तिच्यात परिषदेचे पंधराही सदस्य असतात आणि निर्णय सर्वांच्या संमतीने होतो. आमच्या रेक्टर ऑफिसमध्ये एकाच सहीवर काम होतं ते बरं म्हणायचं. इथे पंधरा रेक्टर!

अपवाद कसे असतात ते सोमालियाच्या उदाहरणावरून छान कळतं. जानेवारी १९९२ मध्ये सोमालियावर सरसकट शस्त्रबंदी आली. मग लक्षात आलं की तिथे मदत वाटायला जाणाऱ्या माणसाला, पत्रकाराला गोळी लागू शकते. त्याचं बुलेटप्रूफ जॅकेट आणि हेल्मेट हेसुद्धा 'लष्करी साहित्य'च की! जून २००१ च्या ठरावाने ही सूट स्पष्ट लिहून दिली. स्वतःच्या वापरासाठी तात्पुरतं नेलेलं जॅकेट-हेल्मेट चालेल, कोणाला विचारायची गरज नाही. पण मारक नसलेलं इतर लष्करी साहित्य मदतकार्यासाठी किंवा संरक्षणासाठी न्यायचं असेल तर समितीची आधी मंजुरी हवी. पुढे २०१३ मध्ये तिसरा प्रकार आला. सोमाली सरकारच्या स्वतःच्या फौजेला बरीचशी हत्यारं नुसतं कळवून घेता येतील, मोठ्या हत्यारांना मात्र परवानगी लागेल. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये सरकारवरची बंदी उठली आणि अल-शबाबवरची तेवढी ठेवली. न विचारता, कळवून आणि विचारून, असे हे तीन दरवाजे जवळजवळ प्रत्येक बंदीत असतात. होस्टेलच्या भाषेत: मोबाइलचा चार्जर चालतो, किटली आणली तर रजिस्टरमध्ये नोंद करा, रॉडला सही लागेल.

सगळ्यात हुशार अपवाद मात्र वेगळाच आहे. 'आधी दिलेले परवाने चालू राहतील' हा! सप्टेंबर १९६५ च्या युद्धात अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान दोघांनाही शस्त्रं बंद केली. दिसायला समान न्याय. पण पाकिस्तानची बहुतेक सामग्री अमेरिकन असल्याने त्याला ते जास्त लागलं. मग हळूहळू सुट्या भागांची सवलत आली आणि १९७० मध्ये तर 'फक्त एकदाच' म्हणून खास अपवाद झाला. मार्च १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात कत्तल सुरू झाल्यावर अमेरिकेने नवे परवाने थांबवले. पण जूनमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली की लष्करी माल घेऊन पाकिस्तानी जहाजं अमेरिकेच्या बंदरातून निघतायत. कसं काय? तर परवाने जुने होते! 'पद्मा' नावाचं जहाज बाल्टिमोरला आलं तेव्हा तिथल्या काही सामान्य माणसांनी छोट्या होड्या घेऊन त्याची वाट अडवायचा प्रयत्न केला, आणि गोदी कामगारांनी माल चढवायला नकार दिला. मला हा प्रसंग वाचून फार आवडलं. सरकारने उघडं ठेवलेलं दार होडीवाल्यांनी लावायचा प्रयत्न केला.

बरं, बंदी सगळ्यांवर सारखी घातली की न्याय होतो का? सप्टेंबर १९९१ मध्ये अख्ख्या युगोस्लाव्हियावर शस्त्रबंदी आली. देश फुटला, बोस्निया वेगळा झाला, तरी बंदी सगळ्या तुकड्यांवर तशीच. जुन्या सैन्याचे रणगाडे आणि तोफा बहुतांशी सर्बांकडे राहिलेल्या. म्हणजे ज्याच्याकडे कोठार भरलेलं त्याला बंदीने काही फरक पडला नाही, आणि ज्याचं रिकामं त्याला भरता येईना. डेटन करारानंतर १९९५-९६ मध्ये ती उठली, तोवर साराजेव्होचा वेढा पडून गेला होता. बंदी घालताना आधी कोणाकडे काय आहे ते बघावं, एवढं तरी साध्या अकाउंट्सवाल्यालाही कळेल.

आता कागदांचा प्रश्न, म्हणजे आमचा 'अॅलर्जी'चा. हत्यार विकणारा देश विचारतो, माल कोण वापरणार? त्यावर खरेदी करणाऱ्या देशाचं सरकार लिहून देतं, आम्हीच वापरणार, दुसऱ्याला देणार नाही. याला एंड यूजर सर्टिफिकेट म्हणतात. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमध्ये पुरुलियाला एका अँटोनोव्ह विमानातून एके-४७ रायफली आणि दारूगोळ्याच्या पेट्या पॅराशूटने टाकल्या गेल्या. माल बल्गेरियातून उचललेला, आणि कागदावर एंड यूजर कोण? तर बांगलादेश! काही दिवसांनी तेच विमान भारतावरून परत जात असताना मुंबईला उतरवलं गेलं. पीटर ब्लीच हा ब्रिटिश दलाल आणि लॅटव्हियाचे वैमानिक वगैरे पकडले गेले, आणि मुख्य सूत्रधार किम डेव्ही मुंबई विमानतळावरून पसार! कागद बरोबर आहे की नाही हे बघणारे अनेक हात होते. माल कुठे चाललाय हे बघणारा कोणी नव्हता.

आपण इंजिनिअर लोक, त्यामुळे आपल्याला जास्त जवळचा विषय म्हणजे दुहेरी वापराच्या वस्तू. सुरक्षा परिषदेने १९९० मध्ये इराकवर निर्बंध घातले तेव्हा त्यात औषधांना सूट होती. पण पाणी शुद्ध करायला क्लोरीन लागतं आणि क्लोरीन विषारी वायू म्हणूनही वापरतात. त्यामुळे ते देताना समितीत हजार प्रश्न. पंप, पाइप, सुटे भाग यांच्या करारांवर 'थांबवून ठेवा' असा शेरा पडायचा, आणि एका सदस्याने तो मारला तरी पुरे. औषधं आली पण पाणी गढूळच राहिलं, तर उपयोग काय? सिव्हिलच्या मुलांना हे जास्त चांगलं कळेल.

आपणही हे भोगलंय. मे १९९८ च्या पोखरणच्या चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले. आपल्या नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरं ब्रिटिश बनावटीची, पण आतले काही भाग अमेरिकन. भाग थांबले आणि हेलिकॉप्टरं जमिनीवर बसली. विकणारा एक, पार्ट बनवणारा दुसरा, आणि बंदी घालणारा दुसराच! मशीन डिझाइनच्या सरांनी 'सप्लायर' हा शब्द उच्चारला की मला हल्ली हेच आठवतं. सप्टेंबर २००१ मध्ये ते निर्बंध बरेचसे उठले. पुण्याच्या 'परम' महासंगणकाची गोष्ट तर आपल्याला पहिल्या सेमिस्टरपासून ऐकवतात, ती परत सांगत नाही. पण एक लक्षात घ्या, अपवादाचा फायदाही आपण घेतलाय. अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही न करणाऱ्या देशाला अणुइंधन देऊ नये हा अणुपुरवठादार देशांचा नियम. ६ सप्टेंबर २००८ ला त्यांनी एकट्या भारतासाठी तो बाजूला ठेवला. तेव्हा अपवाद वाईट, असं म्हणायची आपल्याला सोय नाही!

आणि आता आपलाही नाका आहे. 'स्कोमेट' नावाची भारताची यादी आहे. तिच्यातली वस्तू परदेशी पाठवायला सरकारचा परवाना लागतो. त्यात रसायनं आहेत, खास धातू आहेत, सेन्सर आहेत, इलेक्ट्रॉनिक्स आहे. नुसती वस्तूच नाही, ड्रॉइंग किंवा सॉफ्टवेअर ईमेलने पाठवलं तरी ती निर्यातच. फायनल इयरचा प्रोजेक्ट परदेशी कंपनीला पाठवणाऱ्यांनी एकदा यादी चाळावी. घाबरायचं कारण नाही, बहुतेकांच्या प्रोजेक्टमध्ये एलईडी लुकलुकण्यापलीकडे काही होत नाही (माझ्याही).

ज्यांना हे सगळं 'आपला काय संबंध' वाटेल त्यांच्यासाठी जेराल्ड बुल. कॅनडाचा अत्यंत हुशार तोफा-इंजिनिअर. दक्षिण आफ्रिकेवर वर्णद्वेषामुळे नोव्हेंबर १९७७ मध्ये सक्तीची शस्त्रबंदी आली. याच्या कंपनीची जागा बरोबर अमेरिका-कॅनडाच्या सरहद्दीवर, एक पाय इकडे एक तिकडे. त्याने १५५ मिलिमीटरचे तोफगोळे अँटिग्वा बेटामार्गे दक्षिण आफ्रिकेला पोचवले. कागदावर नाव अँटिग्वाचं. त्या चिमुकल्या बेटाला एवढे तोफगोळे कशाला लागतील, हा प्रश्न विचारायला काय लागतं? १९८० मध्ये बुलला तुरुंगात जावं लागलं, पण तोपर्यंत गोळे आणि त्यामागचं ज्ञान दोन्ही पोचलं होतं. ती बंदी उठली १९९४ मध्ये, मंडेलांचं सरकार आल्यावर.

डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेने एक बरं काम केलं. माणसांच्या मदतीसाठी लागणाऱ्या पैशांना आणि वस्तूंना तिच्या सगळ्या मालमत्ता-गोठवणीच्या निर्बंधांत एकदमच सूट दिली. आधी प्रत्येक ठिकाणी वेगळं बघावं लागायचं, आणि बँकवाले घाबरून औषधाचेही पैसे पाठवायचे नाहीत. उगाच भानगड नको म्हणून यादीत नसलेलंही अडवायचं, हा बँकेच्या माणसाचाही स्वभाव आणि नाक्यावरच्या शिपायाचाही. शिपायाला पोतं सोडल्याबद्दल शिक्षा होऊ शकते, अडवल्याबद्दल कधीच होत नाही. त्यामुळे जिथे अपवाद लिहिलाय तिथे तो अडवणाऱ्याला जाब विचारायची सोयही लिहायला हवी, असं मला वाटतं. अशी सोय मला फार कमी ठिकाणी दिसली.

लेख संपवायच्या आधी पुन्हा फोन केला. रूममेटला मी उत्तर दिलं होतं, आता आजीला सांगायचं होतं की तुझी गोष्ट मॅगझिनमध्ये येणार. ती आधी लाजली, मग म्हणाली, भावाचं नाव नको टाकू. नाही टाकलं. मग तिने विचारलं, "एवढं वाचलंस तर सांग, कोयनेलवर बंदी व्हती का?"

मी म्हटलं, "नव्हती गं आजी. औषधाला बंदी नव्हती, सरकारने तसं सांगितलं होतं."

थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मागे कोणीतरी गुरांना हाकत होतं ते ऐकू येत होतं. मग म्हणाली, "मग पोतं कामून उलटं केलं?"